लाट पूर्ण होण्याआधी

सम्मेद चौगुलेचा आकडा आला तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. तीन पूर्णांक सहा. त्या दिवसांत कोल्हापुरात रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना या आकड्यांचा अर्थ पाठ झाला होता. चार पूर्णांक आठच्या आसपास आला की माणूस सुटला. तीन पूर्णांक सहाच्या आसपास आला, की पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याची आठवण हळूहळू पुसली जाणार. त्यावर औषध अजून निघालेलं नव्हतं. निघाली होती ती फक्त चाचणी.

सम्मेद शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर होता. वडिलांचं शेवटी काय झालं ते त्यानं जवळून पाहिलं होतं. ते स्वतःच्याच गल्लीत घर शोधत फिरायचे आणि सम्मेद दिसला की ‘तुम्ही कुणाकडचे?’ म्हणून अदबीनं विचारायचे. त्यामुळे चाचणीची शिबिरं सुरू झाली तशी त्यानं नाव देऊन टाकलं. त्याच्या बायकोनं, हेमांगीनं, त्याला अडवलं नाही. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. गोंगाटात बुडालेला कामाचा संदेश वेगळा कसा काढायचा, हा तिचा विषय. जे मोजता येतं ते मोजून घ्यावं, असंच तिचंही मत होतं.

चाचणीत मोजलं जायचं ते एक अंतर. रक्तातलं ‘मेधक’ नावाचं एक प्रथिन निरोगी माणसात काडीसारखं ताठ असतं आणि ज्याला हा आजार व्हायचा आहे त्याच्यात ते मधेच मुडपतं, लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. मुडपलं की त्याची दोन टोकं जवळ येतात. हे अंतर नॅनोमीटरमधलं. मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले चार-पाच. इतक्या बारीक अंतराला पट्टी लावता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांना एकेक चुंबकी खूण चिकटवायची, नमुना गोठवायचा, मोठ्या चुंबकात ठेवायचा आणि त्याला सूक्ष्मलहरींचे ठोके द्यायचे. दोन्ही खुणांना एकमेकींचा प्रभाव जाणवतो आणि पडद्यावर एक लाट हेलकावे घ्यायला लागते. टोकं जवळ असली तर भराभर, लांब असली तर सावकाश. अंतर निम्मं झालं तर लाट आठपट वेगानं हलते. लाटेचा वेग मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचं. लोकांना समजावून सांगताना हे एवढं सरळ वाटायचं.

आकडा आला त्याच आठवड्यात दोघांनी मूल व्हावं म्हणून चाललेले उपचार थांबवले. पुढचा निर्णय सम्मेदनं एकट्यानं घेतला आणि मग हेमांगीला सांगितला. तो ‘आवर्तन’मध्ये जाणार होता.

आवर्तन ही देवगडच्या बाजूला एका खाडीकाठची वसाहत. या आजारात नावं जातात, प्रसंग जातात, पण हातापायांच्या सवयी फार उशिरापर्यंत टिकतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. माणूस शहाणासुरता असतानाच एखाद्या जागी राहायला गेला आणि वर्षानुवर्षं त्याच वाटेनं चालला, त्याच खुर्चीत बसला, त्याच माणसांबरोबर जेवला, तर आठवण गेल्यावरही तो तिथे बिनघोर राहतो. घाबरत नाही, हरवत नाही. मात्र नवी सवय मुरायची तर जुनं घर मागे पडावं लागतं. म्हणून घरच्यांच्या भेटी पहिल्या वर्षी चार, मग दोन, मग एक, आणि पुढे तीही नाही. जितक्या लवकर जाल तितकं चांगलं, असं तिथले लोक सांगायचे.

हेमांगीनं बराच वाद घातला. आपण घरीच सगळं करू, मी नोकरी सोडते, असंही म्हणून पाहिलं. 

“अप्पा मला अहो-जाहो करायला लागले ना, तो दिवस मला आठवतो,” सम्मेद शेवटी म्हणाला. “तो दिवस तुझ्या वाट्याला येऊ द्यायचा नाही मला. बाकी काही म्हणणं नाही.”

गगनबावड्याचा घाट उतरून ती त्याला सोडायला गेली. येताना गाडीत एकटीच होती.

नवरा हयात आहे, भांडण नाही, घटस्फोट नाही आणि तरी घरात नाही, अशा बाईशी कसं वागावं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर शेजारणी आपसांत कुजबुजायच्या आणि शेवटी बोलवायच्या नाहीत. बहिणीचे फोन आधी रोज यायचे, मग सणावारी. पहिल्या दोन वर्षांतल्या भेटींत सम्मेद तिच्याशी भरभरून बोलला. तिसऱ्या वर्षी तो तिला वसाहतीतली माणसंच सांगत राहिला, कोण कुठे बसतं, कोणाला काय आवडतं. चौथ्या वर्षी तिनं विचारलं की आपल्या गॅलरीतला सोनटक्का यंदा फुलला, सांगू का त्याचं? तर तो म्हणाला, “नको सांगूस. राहू दे.” पाचव्या वर्षापासून भेटी बंद झाल्या.

त्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं आणि पन्हाळ्यापलीकडे मसाईच्या पठारावरच्या रेणुमापन केंद्रात नोकरी धरली. केंद्र असं आडरानात होतं, कारण चुंबकाजवळून एखादी लिफ्ट वरखाली झाली, विजेची मोठी तार गेली, तरी लाट थरथरते. पठारावर वारा आणि गवत सोडून दुसरं काही नव्हतं. कामाला माणसंही मोजकीच. जिथे आपल्या नवऱ्याचा आकडा निघाला ते यंत्र एकदा पाहावं, एवढंच तिच्या मनात आधी होतं. मग ती तिथेच राहिली. केंद्राच्या क्वार्टरमध्ये ती एका माणसाचा कुकर लावायची, आणि कधी कधी कितीतरी वेळ आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही हे तिला स्वतःच्याच खाकरण्यानं लक्षात यायचं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. तेरदाळकर. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. पहिलं यंत्र त्यांनीच उभं केलं होतं. पुढच्या वर्षी केंद्रात लाट टिपणारं नवं उपकरण, नवा शोधक, आला. जुन्यापेक्षा त्यात गोंगाट कितीतरी कमी. जुना आणि नवा यांचा मेळ बसतो का हे पाहण्यासाठी पहिल्या शिबिरांतल्या नमुन्यांचे यंत्रानं टिपलेले काही कच्चे संदेश पुन्हा तपासायचं काम तेरदाळकरांनी हेमांगीवर सोपवलं. संदेशांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक आणि शिबिराचं ठिकाण.

पहिलाच संदेश उघडला आणि ती चमकली. पडद्यावर लाट अशी दिसतच नव्हती. सुईच्या टोकांसारखे काटेच काटे, आणि त्यांच्या आडून एक उतार, थोडासा वळलेला. तिनं दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळे तसेच. मोजणी आटोपण्याची वेळही तिच्या डोळ्यांत भरली. निरोगी माणसाची लाट संथ असते. तिचा एक हेलकावा पुरा व्हायला वेळ लागतो. इथे तो पुरा व्हायच्या आतच यंत्र थांबवलं होतं. तिकडे शिबिरांत रांगा लागलेल्या असणार आणि इथे केंद्रात येऊन पडणाऱ्या प्रत्येक नमुन्याला मिळालेला वेळ तुटपुंजा.

पुढचं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. गोंगाट निम्म्यावर आणायचा तर चौपट वेळ मोजावं लागतं, हे ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आली होती. आणि लाटेवरून अंतर काढणं हे अंतरावरून लाट काढण्याइतकं सोपं नसतं. काट्यांनी भरलेल्या त्या एकाच तुकड्यात एक अंतर बसतं, तसंच दुसरंही बसतं, दोन अंतरांचं मिश्रणही बसतं. गणित करताना कुणीतरी ठरवावं लागतं की उत्तर किती गुळगुळीत हवं. फार कमी गुळगुळीत केलं तर गोंगाटाचेच सुळके अंतरं म्हणून उभे राहतात. फार जास्त केलं तर खरे दोन उंचवटे वितळून मधे एकच टेकडी तयार होते. त्या वेळच्या यंत्रात हे प्रमाण कारखान्यातूनच पक्कं करून ठेवलेलं होतं. त्यात अर्धवट तोडलेली संथ लाट घातली, तर उत्तर हमखास आखूड अंतराकडे कलणार.

तिनं तेरदाळकरांकडे जाऊन सम्मेदचा संदेश पाहायची परवानगी मागितली. त्यांनी क्रमांक काढून दिला.

सम्मेदचा संदेश इतरांसारखाच होता. तिनं त्यातून उत्तर काढलं, पण एक आकडा न काढता पट्टा काढला. त्या संदेशात जी जी अंतरं बसू शकत होती ती सगळी. पट्टा तीन पूर्णांक तीनपासून पाच पूर्णांक एकपर्यंत पसरला. निरोगी माणूसही त्यात मावत होता, आजारीही. ज्या आकड्यानं सम्मेद घरातून गेला, तो या पट्ट्यात कुठेतरी बोट ठेवावं तसा ठेवलेला होता.

तेरदाळकरांनी तो पट्टा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी काहीही नाकारलं नाही. शिबिरं सुरू होण्याआधी, पहिल्या वर्षी आपण अहवालात पट्टाच देत होतो, असं त्यांनी सांगितलं. मग डॉक्टरांचे फोन यायला लागले, आमदारांचे आले, पेशंटचे आले. प्रत्येकाचा प्रश्न तोच, म्हणजे आहे की नाही ते सांगा. लोक पट्टा घेऊन घरी जात आणि दोन्ही टोकं धरून रडत. तेव्हा वरून ठरलं की यंत्र काढेल तो एकच आकडा तेवढा द्यायचा.

“मी सही केली त्यावर,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, लोकांना झोप लागेल.”

त्यांनी हेमांगीला सांगितलं की आधी एक ताजा नमुना नव्या शोधकावर मोजू, मग बाकीच्यांचं काय ते ठरवू. सम्मेदचा नमुना आणायची परवानगी त्यांनीच आवर्तनच्या डॉक्टरांकडून मिळवून दिली.

दोन वर्षांनी ती सम्मेदला पाहत होती. तो अंगानं भरला होता, उन्हानं रापला होता. वसाहतीची जेवणाची व्यवस्था आता तोच पाहायचा. तिला पाहून तो हसला, पण ते हसू लांबच्या नातलगाला पाहून येतं तसं होतं, आणि तिला बसायला खुर्ची देताना तो जरा गोंधळला, कारण तिथल्या प्रत्येक खुर्चीवर कुणाचा ना कुणाचा हक्क होता.

दुपारच्या जेवणाला तिनं भिंतीपाशी उभं राहून ती पद्धत पाहिली. लांब टेबल, ठरलेल्या जागा. जागांवर बसणाऱ्यांत सम्मेदसारखे धडधाकट लोक होते आणि ज्यांची आठवण केव्हाच गेली होती असे म्हातारेही. भात वाढायचं काम निर्मला तोरसकर नावाच्या पन्नाशीतल्या बाईंचं. त्या नेहमी मोरपंखी साडी नेसायच्या. त्या दिसल्या की टेबलाच्या टोकाला बसलेले अण्णा पेडणेकर ताट पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “निर्मलाताई, शितं मोजून वाढू नका.” रोज हेच वाक्य. अण्णांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नव्हती, हे सम्मेदनं तिला नंतर सांगितलं.

नमुन्याबद्दल आणि पट्ट्याबद्दल तिनं सम्मेदला सगळं नीट समजावून सांगितलं. तो इंजिनिअर होता, त्याला ते कळायला वेळ लागला नाही. त्यानं एकच विचारलं, की आपण गेलो तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं का. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते लिहिलं नाही, असं तिनं सांगितलं.  मग बाही वर करून त्यानं हात पुढे केला.

पठारावर परतल्यावर हेमांगीनं तो नमुना घाई न करता मोजला. लाटेला पुरेपूर वेळ दिला, हजारो वेळा मोजून सरासरी घेतली. काटे झिजत गेले. शेवटी पडद्यावर इतकी स्वच्छ लाट राहिली की तिला हात लावावासा वाटला. आता पट्टा आवळून एखाद्या बारीक रेघेसारखा व्हायला हवा होता. एका बाजूची रेघ किंवा दुसऱ्या बाजूची.

पट्टा आवळला नाही. दोन उंचवटे उभे राहिले. एक तीन पूर्णांक सहापाशी, एक चार पूर्णांक आठपाशी, जवळजवळ सारखेच. तिनं गुळगुळीतपणा कमी-जास्त करून पाहिला, दुसऱ्या पद्धतीनं गणित केलं, तेरदाळकरांकडून स्वतंत्रपणे करून घेतलं. उंचवटे जागचे हलले नाहीत.

“ही रुंदी आपली नाही,” तेरदाळकर म्हणाल्या. “आपल्याला दिसत नव्हतं म्हणून आधी पट्टा रुंद होता. आता दिसतंय. ही त्याच्या रक्तातलीच आहे.”

म्हणजे सम्मेदच्या रक्तातल्या मेधकाचे अर्धे रेणू ताठ होते आणि अर्धे मुडपलेले. अशा माणसाचं पुढे काय होतं, हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. असे लोक पूर्वीही असणारच, पण प्रत्येकाचे दोन उंचवटे वितळवून एकच आकडा हातात दिलेला असल्यामुळे त्यांच्यावर कुणी लक्षच ठेवलं नव्हतं. हेमांगी त्या दिवशी पठाराच्या कडेपर्यंत चालत गेली आणि वाऱ्याला पाठ करून उभी राहिली. तिला खूप वर्षांनी मोठ्यानं रडू आलं. ते ऐकायला आसपास कुणी नव्हतं.

ती पुन्हा घाट उतरून गेली. येतानाच ठरवून आली होती, की त्याला घरी चल म्हणायचं. सगळं सांगून झाल्यावर ती तसं म्हणाली. आता कुठलाही आकडा मधे नाही, तेव्हा आपण दोघांनी ठरवायचं, असंही म्हणाली.

सम्मेदनं हळूच नकारार्थी मान हलवली.

“हेमा, इतकी वर्षं मी घर विसरायचा सराव केला,” तो म्हणाला. “मन लावून केला. आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं की उठून खाडीवर जायचो. आता ते येतच नाही. आजार होईल का नाही ते तुझ्या यंत्राला सांगता येत नाही म्हणतेस. पण हे जे झालंय ते होऊन गेलंय.”

 त्यानं तिचा हात हातात घेतला, पण कुणाचं सांत्वन करायला गेल्यावर घेतात तसा.

“तिथं आलो तर मी पाहुणा असेन,” तो म्हणाला. “आणि तुला ते दिसेल रोज.”

पठारावर येऊन तिनं कामात डोकं खुपसलं. पहिल्या शिबिरांतले सगळे संदेश उघडायचे आणि सगळ्यांना पट्टे पाठवायचे, असा तिचा आग्रह होता. आता याला जागा राहिलेली नाही, लोकांनी आयुष्यं मांडलेली आहेत, असं वरच्या समितीचं म्हणणं पडलं. तेरदाळकर समितीत शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि आपल्या जुन्या सहीचा हवाला देऊन पट्टे पाठवायचा ठराव मंजूर करून घेतला. नंतर पत्रकारांसमोरही त्या एकट्याच गेल्या. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, कुणी पठारावर येऊन खिडकीची काच फोडली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाकडे निघून गेल्या. जाताना हेमांगीला एवढंच म्हणाल्या, की लाटेला पुरेसा वेळ देत जा.

पट्टे गेले, ताजे नमुने आले. आखूड अंतराचे म्हणून घराबाहेर पडलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक निखळ निरोगी निघाले. आवर्तनच्या फाटकाशी गाड्या लागायला लागल्या. मुलं आईवडिलांना न्यायला आली, बायका नवऱ्यांना. वर्तमानपत्रांत मिठ्या मारलेल्या माणसांचे फोटो आले. हेमांगीनं ते एकटीनं चहा पिताना पाहिले. आपण केलं ते बरोबर केलं याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. तरी चहाचा कप तिनं अर्धाच ठेवून दिला.

एका सकाळी सम्मेदचा फोन आला. वसाहतीत गेल्यापासून त्यानं आपण होऊन केलेला हा पहिलाच फोन. निर्मलाताई गेल्या, असं तो म्हणाला. त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. त्यांचा आकडा स्वच्छ चार पूर्णांक नऊ निघाला होता. त्या जाताना रडल्या, पण गेल्या. आणखीही पुष्कळ गेले. टेबलाची एक बाजू जवळजवळ रिकामी झाली होती. ज्यांना घर आठवत होतं ते सगळे गेले आणि ज्यांना या टेबलाखेरीज काहीच आठवत नव्हतं ते मागे राहिले. भात वाढायला दुसऱ्या बाईंना उभं केलं तर अण्णा ताट झाकून बसतात. चार घास कसेबसे जातात. आणखी दोघी-तिघींचं तेच. डॉक्टर म्हणतात, सवय तुटली की ही माणसं फार दिवस काढत नाहीत.

तिला वाटलं, तो आता दोष देईल. त्यानं दिला नाही.  त्याच्या मागून भांडी ठेवल्याचे आवाज येत होते.

“मी येऊ का?” तिनं विचारलं.

“ये,” तो म्हणाला. “पण हेमा म्हणून येऊन चालायचं नाही.”

तिला ते कळायला काही क्षण लागले. मग तिनं विचारलं की मोरपंखी साडी तिथे मिळेल की इथून घेऊन येऊ.

केंद्राचं काम तिनं एका हुशार सहकारी मुलीकडे सोपवलं आणि क्वार्टरची किल्ली दिली. आवर्तनच्या डॉक्टरांनी तिला निर्मलाताईंच्या चित्रफिती दाखवल्या. त्या कुठल्या हातात पळी धरायच्या, कुठून वाढायला सुरुवात करायच्या, कुणाकडे बघून हसायच्या. आवाज थोडा जुळत होता, उंचीही जुळत होती. पहिल्या दुपारी अण्णांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं, पदराकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली. शेवटी ताट पुढे आलं.

“निर्मलाताई, शितं मोजून वाढू नका,” ते म्हणाले.

“नाही हो अण्णा,” तिनं म्हटलं आणि पळीभर भात वाढला. पाठोपाठ सम्मेदनंही ताट पुढे केलं आणि त्याच सुरात तिला निर्मलाताई म्हटलं. टेबलावर दुसरं काही म्हणून चालण्यासारखं नव्हतंच. ती वाढून झाल्यावर निर्मलाताईंच्या खुर्चीत, सम्मेदपासून चार माणसं सोडून, जेवायला बसली.

हळूहळू तिला तिथली पहाट-दुपार-संध्याकाळ अंगवळणी पडली. राहायची खोली निर्मलाताईंचीच. तिथल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही ती परकी वाटत नव्हती, आणि तिला स्वतःच्या नावानं ओळखणारं संध्याकाळी एकच माणूस असायचं. जेवणघर आवरलं की सम्मेद आणि ती खाडीच्या बांधावर फिरायला जायची. वसाहतीचा एवढा एक नियम डॉक्टरांनी तिच्यासाठी वाकवला होता. तिथे तो तिला हेमा म्हणायचा. घरातल्या गोष्टी ती काढायची नाही. दोघं बोलायची ती डाळीच्या वाणाबद्दल, अण्णांच्या खोकल्याबद्दल, भरतीबद्दल. कधी कधी नवे ओळख झालेले लोक हसतात तशी हसायची. तिला ते पुरायचं असं नव्हे. पण पठारावरच्यापेक्षा बरं होतं.

पावसाळा सरल्यावर बांधावर शेवाळ राहिलं होतं. एका संध्याकाळी ती दोघं धक्क्याच्या पायऱ्या उतरत होती. आसपास दुसरं कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावर एक होडी तेवढी हलत होती. सम्मेद दोन पायऱ्या पुढे होता. त्यानं मागे वळून हात दिला आणि म्हणाला, “निर्मलाताई, जपून. निसरडं आहे.”

ती थांबली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नव्हतं. दिवसभर तोंडात बसलेलं नाव चुकून बाहेर पडतं, तसं असेल. किंवा तसं नसेल. एकाच नोंदीवरून काही सांगता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. विचारलं तर तो दचकेल आणि उद्यापासून प्रत्येक शब्द तोलून बोलेल. आणि तीही ऐकताना प्रत्येक शब्द मोजत बसेल, पट्टा काढत बसेल.

“हो,” ती म्हणाली आणि त्याचा हात धरला.

मग दोघं एकेक पायरी बघत पाण्यापर्यंत उतरली आणि होडी अलीकडे येईपर्यंत तिथेच उभी राहिली.